पाठमोऱ्या गाड्या

प्रेस्टनहून आलेल्या माणसाने हातमोजे चढवून
बिस्किटांचे तिन्ही डबे उपसले,
दुसऱ्यांदा चहा घेतला, आणि म्हणाला,
"बाई, तुमच्या वडिलांनी सगळी वर्षं
गाडीच्या चुकीच्या टोकाला काढली."

खरं होतं ते.
चारशे बारा फोटो
आणि एकाही मेलचं तोंड नाही.
ज्यासाठी पोरं केंडलहून सायकली हाणत यायची
ते ग्लासगोला निघालेलं तुकतुकीत इंजिन,
त्याच्या नावाची पितळी पाटी,
सगळं चौकटीबाहेर, आधीच पुढे गेलेलं.
उरलाय तो शेवटचा डबा
आणि त्याला टेकून धापा टाकणारं
टेबेच्या शेडमधलं एक काळं, बुटकं इंजिन,
शॅपच्या घाटात गाडीला मागून रेटणारं.
पाठीराखं.

मागे पेन्सिलीने तारीख, वारा, कधी नुसतं "कोळसा ओला".
मी जन्मले त्या दिवशीचाही एक आहे:
"दुपारची मालगाडी. बेचाळीस वाघिणी. उजेड बरा."

वडील स्टेशनात तिकिटं द्यायचे.
घरी बोलायचेही तेवढंच,
एका खिडकीतून मावेल इतकं.

डब्यांसकट वीस पौंड, तो म्हणाला.
एक फोटो त्याने बोटाने बाजूला सारला होता.
वाया गेलेला. नुसता पांढरा.

एडना आत्या एक्क्याण्णव वर्षांची.
कान गेले, डोळे शाबूत.
वृद्धाश्रमातल्या तिच्या पलंगावर मी डबा रिकामा केला
तर तिने भिंगसुद्धा मागितलं नाही.
"हा विल्फ," म्हणाली, नख टेकवून.
इंजिनाच्या खिडकीत एक टोपी.
"हा विल्फ." एक कोपर.
"हाही." फावड्याचा दांडा.
"तुझ्या बापाच्या पाठचा."

इतकी वर्षं मी त्या कोपराला
इंजिनाचाच एखादा भाग समजत होते.

पाच वर्षं दोघे भाऊ बोलत नव्हते.
एकाच टेबलावर जेवायचे, मीठ आत्या पोचवायची.
भांडण कशावरून, तिला धड आठवत नाही.
एक मुलगी होती. किंवा एक सायकल.
किंवा मुलीने नेलेली सायकल.
पण सुट्टीच्या दिवशी हा कॅमेरा घेऊन
घाटातल्या कुंपणाशी मेंढरांत उभा राहायचा,
आणि तो, भट्टीत कोळसा मारता मारता,
हात न हलवता, मान न वळवता
शिटीच्या दोरीला एक जादा हिसका द्यायचा.
ड्रायव्हर आईवरून शिव्या घालायचा. रोज.

शिटी फोटोत येत नाही, मी म्हटलं,
म्हणजे तिच्या पाटीवर लिहिलं.
आत्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मंद मुलीकडे पाहतात,
आणि नख इंजिनाच्या टपावर नेलं.
वाफेचा एक पांढरा झुपका.
कापसाएवढा.

रात्री घरी येऊन मोजले.
तीनशे सदुसष्ट.

शेवटचा फोटो फेब्रुवारी छप्पनचा, तोच पांढरा.
गोठलेल्या हवेत वाफ विरेना,
रूळ नाहीत, कुंपण नाही, इंजिन नाही.
मागे ना वारा, ना वाघिणी.
"विल्फ यात आहे."
हे कधी लिहिलं कोण जाणे. पेन्सिल वेगळी आहे, जाड,
निमोनियाला तर नऊच दिवस लागले होते.
कॅमेरा उन्हाळ्यात पाद्र्याच्या बायकोला विकला.

प्रेस्टनचा फोन आला होता. तीस म्हणतोय.
मी अजून उलटा केलेला नाही.
फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवून ठेवलाय.
सकाळचा उजेड आडवा पडला की दिसतं,
पांढरं सगळीकडे सारखं नाही.
डावीकडे, खालच्या बाजूला,
कुणी आतून श्वास सोडावा तसं
जरासं मळकं आहे.